आठ मीटर नळी

दाजी, तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले आणि या बावीस दिवसांत मी एका जागी धड बसलेलो नाही. ठिबकचं दुकान उघडतो, शटर अर्धं वर करतो आणि तसाच मोटारसायकलवर बसून रानात जातो. रानात काही काम नसतं, परत येतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागलीय काय तुमच्या. गिऱ्हाईक ड्रीपर मागतं, मी व्हॉल्व्ह काढून देतो. तेराव्याला पंगतीत एकाच माणसाच्या ताटात मी तीनदा भात वाढला आणि तो बिचारा भिडेखातर खात राहिला. तुम्ही असता तर मागून आवाज आला असता, "बाळासाहेब, ध्यान किधर है? रिपोर्ट द्या."

रिपोर्टच द्यायचाय. फक्त दोन वर्षं उशीर झालाय.

त्या दिवशी अंगणात सगळे तुमच्याविषयी चांगलं बोलले. फौजेतला शिस्तीचा माणूस, गल्लीतल्या प्रत्येकाचा मिक्सर फुकट दुरुस्त करून देणारा माणूस. मी एकटाच गप्प होतो. लोकांना वाटलं मेहुण्याला लय लागलंय. लागलंच होतं, पण गप्प बसण्याचं कारण दुसरं होतं. तुमचे अकरा मासे मेले ते तुमच्या चुकीनं नाही, माझ्या चुकीनं. वाक्य एवढंच आहे. आणि एवढंसं वाक्य मला तुमच्या तोंडावर कधी बोलता आलं नाही.

तुम्हाला मी तसा कधी भ्यालो नव्हतो. तुमच्या आणि अक्काच्या लग्नात कान पिळायचा मान माझा होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. सगळ्यांनी मला भरीस घातलं, "फौजी हाय, जोरात पिळ." मी असा पिळला की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची तेहेतीस वर्षं मी घरी आलो की तुम्ही कानावर हात ठेवून अक्काला सांगायचात, "आला बघ तुझा भाऊ, कान झाकून घेतो." दहावीला मी दोनदा आपटलो तेव्हा आमच्या वडलांनी मला उसाच्या सरीत उभा केला होता. सुट्टीवर आलेले तुम्ही म्हणालात, ह्याला ठिबकचं काम शिकवा, पोराचा हात चांगला हाय, फक्त तोंड जरा जास्त चालतं. कुंडलमधलं हे दुकान त्या एका वाक्यावर उभं आहे. हेही मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

फौजेतून आल्यावर माणसं शेती बघतात, नाहीतर सरपंचकीला उभी राहतात. तुम्ही साताऱ्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, चार फुटी काचेची टाकी आणून ठेवली. तीनशे लिटर पाणी आणि त्यात एंजल मासे. चपटे, उभ्या पट्ट्यांचे, ऐटीत फिरणारे. तुम्ही त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचात आणि अक्का आतून ओरडायची, "त्येंस्नी जेवाय घातलं असंल तर आता घरच्यांकडंबी बघा."

खरी कटकट पाण्याची होती. माशांची घाण पाण्यातच विरते, म्हणून दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच ताजं घालायचं. तुमचा मणका नोकरीतच गेलेला, डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केलेली. मग बादल्या कुणी उचलायच्या? "मासं ह्येंचं, बादल्या माझ्या," असं अक्का येईल त्या पाहुण्याला सांगायची. चेष्टेत सांगायची, पण एकदा तिचा हात खांद्यापासून वर जाईना तेव्हा तुम्ही मला फोन केलात. "बाळासाहेब, तुमची अक्का बादल्या उचलते, मला बघवत न्हाई. पाणी आपोआप बदललं पायजे. या, मापं घिऊन बसू."

त्या महिन्यात आपण दोघं किती भांडलो, आठवतं? मी म्हणालो, सोपं आहे. गच्चीवर ड्रम ठेवायचा, त्यातून नळी खाली आणायची, टोकाला तासाला चार लिटरचा ड्रीपर, थेंब थेंब पाणी टाकीत. वरच्या बाजूला काचेला भोक, जादा झालेलं पाणी तिथून बाहेर अंगणातल्या कढीपत्त्याला. आम्ही एकरच्या एकर ऊस असा भिजवतो, तुमची टाकी कोण लागून गेली? तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "चार लिटर कशावरनं?"

"आवं, ड्रीपरवर छापलंय."

"छापलंय ते पंपाच्या प्रेशरला. गच्चीच्या उंचीला किती येतंय?"

"येतंय की अंदाजे…"

"अंदाज नको. माप सांग."

आणि तुम्ही मोजलंत. गच्चीवरून नळीनं पाणी सोडून, खाली मापाचं भांडं धरून, मनगटावरच्या घड्याळात बघत तासभर उकिडवे बसलात. मणक्याचं दुखणं तेवढ्यापुरतं विसरलात. माझा चार लिटरचा ड्रीपर तासाला दोन लिटर आणि वर एकशेऐंशी मिली देत होता. तुमचा चेहरा असा फुलला होता की मला तुमचा रागच आला. म्हणजे दिवसाला पन्नासच्या वर. दोनशे लिटरचा ड्रम जेमतेम चार दिवस पुरणार. म्हणून ड्रम दोन, एक चालू असताना दुसऱ्यात नळाचं पाणी उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. भरलेल्या ड्रमाचं माप वेगळं, निम्म्याचं वेगळं, दोन्ही तुम्ही वहीत लिहिलीत. "काढलेलं पाणी वीस लिटरच्या बादलीत धरलं तर बादली नऊ तास दहा मिनिटांत भरावी," असं वाक्य लिहून त्याखाली रेघ मारलीत. अठ्ठावीस वर्षं मी ठिबक बसवतोय, दाजी, आणि माझ्या ड्रीपरचं खरं माप तुम्ही मला साताऱ्यात शिकवलंत.

मग तुम्ही म्हणालात, शनिवारी नळी घेऊन ये. आठ मीटर.

इथून पुढचं लिहिताना मी दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

आमच्या धंद्यात आठ मीटरसाठी नवं बंडल कुणी फोडत नाही. बंडल एकदा फोडलं की उरलेली नळी गिऱ्हाईक घेत नाही, "कापलेलं नगं, अख्खं द्या" म्हणतं. आणि माझ्या रानात नुकताच उसाचा खोडवा, म्हणजे दुसरं पीक, निघाला होता, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर पडल्या होत्या. त्यातली ज्यात ड्रीपरची भोकं पाडायची राहिली होती अशी आठ मीटर कापली. आत पाणी सोडून दोनदा खळखळून काढली, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसली. नव्यासारखी काळीशार दिसायला लागली. पाण्याची नळी ती पाण्याची नळी, असा माझा हिशेब. तुमच्या दारात आल्यावर तुम्ही ती हातात घेतलीत, उजेडाकडं धरलीत आणि विचारलंत, "नवी का?"

"नवीच की, दाजी. बंडल फोडून आणली."

एवढं कशाला बोललो मी? "नवी" म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. तोंड जास्त चालतं ते असं.

शनिवारी संध्याकाळी थेंब सुरू झाले. तुम्ही अक्काला हाताला धरून आणलंत आणि म्हणालात, "आजपास्नं तुझी बादली रिटायर." अक्का लाजली. मी पेढे खाऊन कुंडलला परत आलो. रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तुम्ही फक्त म्हणालात, "ये."

अकरा मासे परातीत ठेवलेले होते. तुम्ही वही मांडीवर घेऊन बसला होता आणि आकडे पुन्हा पुन्हा मांडत होता. मी काहीतरी करायचं म्हणून नळी सोडवायला लागलो. ड्रीपर काढला आणि नळीच्या तोंडातून वास आला. तो वास मला ओळखीचा होता. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी पडली होती, तेव्हा तिचं औषध मी त्याच ठिबकातून सोडलं होतं. दोनदा खळखळून तो वास गेला नव्हता, औषधही गेलं नव्हतं.

"गणित चुकलं, बाळू," तुम्ही म्हणालात.

बाळासाहेब नाही, बाळू. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हाच सांगायचं होतं. चार शब्द होते. पण तुमच्या हातात वही, अक्काच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या जिभेवर अजून कालचं "बंडल फोडून आणली". मला लाज वाटली, दुसरं कारण नाही. मी नळी गुंडाळली, डिकीत टाकली आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं, नजरेआड झालेली बरी." मासे अक्कानं कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. मला वाटलं, मासेच आहेत, दुसरे आणू. पंधरा दिवसांत दाजी विसरतील.

तुम्ही मासे विसरलात, चूक विसरला नाहीत. शेजारचा मिक्सर तसाच परत पाठवलात, "आता माझा भरवसा न्हाई" म्हणून. गॅसचं बटण तीन तीनदा बघायला लागलात. स्कूटर विकली नाहीत, पण तिच्यावर चादर घातलीत. नातीनं हट्टानं चार गोल्डफिश आणून टाकले तेव्हा तुम्ही टाकीला हात लावला नाहीत आणि अक्काच्या बादल्या पुन्हा सुरू झाल्या. अक्का मला फोनवर सांगायची, "वय झालं, दुसरं काय." मी हं म्हणायचो. दर वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला तुम्ही कानावर हातसुद्धा ठेवला नाहीत.

आणि मग मिरज. अक्काच्या हट्टामुळं तुम्हाला मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं, आणि गाडी कुणी चालवायची, तर मी. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचा रस्ता, शेजारच्या सीटवर तुम्ही, मागं अक्का डुलकी काढतेय. दोन-अडीच तास माझ्यासमोर मोकळे होते. मी तुम्हाला उसाचे भाव सांगितले, रस्त्याची कामं दाखवली, जावयाची निंदा केली. सगळं बोललो. दवाखान्यात तुम्ही आत गेलात आणि अर्ध्या तासानं बाहेर आलात. माझ्या शेजारी बाकावर बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "शंभरापासनं सात सात वजा करत मागं याय सांगितलं. आलो. एक चुकला न्हाई. डाक्टर म्हनला, कायबी झालेलं न्हाई तुमाला." मग विचारलंत, "मग पाण्याचं कसं चुकलं रं?"

तुम्ही मला विचारलंत. ज्याला माहीत होतं त्यालाच विचारलंत. आणि मी काय म्हणालो? "चुकतं माणसाचं कवाकवा, दाजी."

तुम्ही मान हलवलीत. दाजी, त्या हललेल्या मानेनं मला या बावीस दिवसांत जेवू दिलेलं नाही.

तुमचं जाणं झटक्यात झालं, हातात चहाचा कप असताना. कुणाला काही बोलायला सवड दिली नाहीत. मला तर दोन वर्षं दिली होतीत, त्यामुळं ती तक्रार मी करू शकत नाही.

पंधराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी साताऱ्याला गेलो. अक्का टाकीतलं पाणी काढत होती. मी बादली घ्यायला गेलो तर दिली नाही. मासे बघत म्हणाली, "शेवटी शेवटी त्येंचं डोकं चालंनासं झालं हुतं, बाळ्या. त्या टाकीच्या टायमापासनंच. सुटलं बिचारं."

तुमच्याविषयी हे असं घरात कायमचं ठरून बसणार होतं. नातीलाही असंच सांगितलं जाणार होतं. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. बंडल, बांधावरची नळी, हुमणी, वास, डिकी, मिरजेचं बाकडं. एकही गोष्ट गाळली नाही.

अक्कानं बादलीची कडी धरली. मला वाटलं, ती बादली माझ्या अंगावर ओतेल. ओतली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे जाईस्तवर त्येंस्नी वाटत ऱ्हायलं, आपलंच डोकं गेलं?"

"व्हय."

"आन् तुला ठावं हुतं."

"व्हय, अक्का."

"भाईर बस."

मी पायरीवर बसलो. आत भांड्यांचा आवाज नाही, रडण्याचा नाही. पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी मी एका जागी बसलो होतो, कारण उठायची हिंमत नव्हती. उन्हं पायरीवरून खाली उतरली तेव्हा ती तुमची वही घेऊन आली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तुमच्या अक्षरात एकच ओळ होती. "गणित चुकले. सिस्टम बंद." खाली सही, फौजेत करायचात तशी, पूर्ण.

"नवी नळी आण," अक्का म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत बंडल फोडायचं. आन् ह्यात लिवलंय तसंच बसवायचं. तुझं डोकं वापराय जाऊ नगंस."

त्याच दिवशी गच्चीवरचे पालथे पडलेले ड्रम मी घासून धुतले आणि भरले. नळी लगेच लावतो म्हटलं तर तिनं वही पुढं केली. पाणी चार दिवस उघडं ठेवावं, असं तुम्ही लिहिलं होतं. मग चार दिवस. ते कसे काढले ते माझं मला माहीत. पाचव्या दिवशी सकाळी आठला, तिच्यासमोर, अख्खं बंडल फोडलं. आठ मीटर कापली, वास घेतला, तिलाही घ्यायला लावला. नवा ड्रीपर. टाकीतनं बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली वीस लिटरची बादली. अक्कानं तुमचं घड्याळ मनगटावर बांधलं, ते तिच्या हातात सैल होत होतं, आणि खुर्ची टाकून बसली.

मी दिवसभर आत-बाहेर करत होतो. दुपारी म्हणालो, जरा हळू भरतंय बहुतेक. अक्का म्हणाली, "अंदाज नगो." तुमच्या आवाजात म्हणाली. पाच वाजले तेव्हा बादलीत जेमतेम अर्धं बोट जागा होती. आठ मिनिटांनी पाणी काठाला आलं. पाच दहाला पहिली धार फरशीवर सांडली. नऊ तास दहा मिनिटं. अक्कानं घड्याळाकडं बघितलं, बादलीकडं बघितलं आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. तुम्ही गेलात त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी तिच्या शेजारी फरशीवर त्या पाण्यात बसलो आणि मीही रडलो.

पण बादली भरणं म्हणजे सगळं नव्हतं. मागच्या खेपेलाही मासे सकाळीच मेलेले सापडले होते. सकाळी मी उठून बाहेरच्या खोलीत आलो तर अक्का आधीच टाकीपाशी उभी. तिनं चिमूटभर खाणं टाकलं. चारही गोल्डफिश वर आले, ढकलाढकली करत. थेंब पडतच होते.

तिनं वही उघडून माझ्यापुढं ठेवली आणि तुमचा पेन दिला.

"खोड."

मी तुमच्या ओळीवर रेघ मारली.

"आता खाली खरं लिव. 'चुकतं माणसाचं' असलं कायबी लिवू नगंस. कुणाचं चुकलं त्येचं नाव लिव."

मी लिहिलं. "गणित बरोबर होते. नळी जुनी व औषधाची होती. नळी बाळूने आणली व नवी म्हणून सांगितले." खाली पूर्ण सही केली. अक्कानं एक एक शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग माझा उजवा कान धरला आणि असा पिळला, दाजी, की पंचेचाळिसाव्या वर्षी मी ओरडलो. "ह्यो त्येंच्याकडनं," म्हणाली. तिच्याकडचा मात्र अजून राहिलाय. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. दर चौथ्या दिवशी ड्रम भरायला मीच जायचं, एवढं ठरलंय. गल्लीतल्या ज्या बाईचा मिक्सर तुम्ही परत पाठवला होता तिला अक्का स्वतः जाऊन सगळं सांगून आली, माझ्या नावासकट. आता साताऱ्यात शिरलो की त्या गल्लीतून मान खाली घालून जावं लागणार. जाऊ दे, तेवढं चालेल.

कान अजून दुखतोय. तुमचा किती दिवस दुखला होता, ते विचारायचं राहिलं.

मिरजेच्या त्या बाकावर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. त्याचं उत्तर वहीत लिहून झालंय, अक्काला ऐकवून झालंय, आता एकदा तुम्हाला. दाजी, पाण्याचं चुकलं नव्हतं.